बर्फ कुणी काढला?

हल्ली औषधांच्या दुकानात गेलं की काउंटरवर एक बरणी ठेवलेली असतेच. रोगप्रतिकारशक्ती वाढवा! चूर्ण, काढे, गोळ्या, आता तर म्हणे चॉकलेटसुद्धा. परवा शेजारणीनं विचारलं, "बाई, तुम्ही एवढी वर्षं नर्स होता. यातलं कुठलं घेऊ?" मी म्हटलं, "एकही नको. घरी जा, नातवाचं कार्ड काढ आणि कुठली लस राहिली आहे का ते बघ." ती रुसली. रुसू दे. जन्मभर मी लोकांना रुसवायचंच काम केलं. रडवायचंही केलं, कारण माझी गिऱ्हाइकं बहुतेक दोन वर्षांच्या आतली.

मी आरोग्य सेविका होते. आधी मुरबाड तालुक्यात धसईच्या बाजूला, मग शहापूर तालुक्यात खर्डीच्या बाजूला. लोक शिस्टरबाय म्हणायचे. बाळंतपणं केली, गोळ्या वाटल्या, विहिरीत पावडर टाकली. पण खरं काम म्हणजे खांद्यावरचा निळा डबा. आत चारी बाजूंना प्लास्टिकचे चपटे डबे, त्यांत गोठवलेलं पाणी. त्याला आम्ही आइसपॅक म्हणायचो, वाडीवरचे लोक नुसतं बर्फ म्हणायचे. मध्ये लशीच्या बाटल्या. दुसऱ्या पिशवीत काचेच्या सिरिंजा आणि त्या उकळायला कुकर. त्या कुकरवरून लोक माझी फार थट्टा करत. "बाय, आज काय शिजवलंत?" असं विचारायचे आणि सुया बघितल्या की पळायचे.

शरीर काही बापडं नसतं. जन्मल्यापासून त्याची राखण चालू असते. कातडी हे पहिलं कुंपण. ज्या शेंबडाला आपण नाक मुरडतो तोच धूळ आणि जंतू चिकटवून बाहेर काढतो. पोटातलं आंबट पाणी गिळलेले जंतू मारतं. एवढ्यातूनही कुणी आत शिरलाच तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात. जखमेतला पू म्हणजे त्या झटापटीत मेलेल्या पेशी आणि मेलेले जंतू. तापही शरीरच आणतं, कारण अंग तापलं की पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते. हे मी बायांना सांगायचे तेव्हा त्यांना सगळ्यात नवल पुवाचं वाटायचं. आपल्या अंगातही कुणी आपल्यासाठी मरतं, हे त्यांना लगेच पटायचं.

पण शरीराची खरी कमाल म्हणजे ते विसरत नाही. एखादा जंतू पहिल्यांदा घुसला की त्याला ओळखून त्याच्यावर नेमकं हत्यार घडवायला आठ-दहा दिवस जातात. तेवढ्यात माणूस आजारी पडतो, कधी मरतोही. जगला तर त्या जंतूची ओळख ठेवणाऱ्या पेशी अंगात मागे राहतात. गोवराच्या बाबतीत तर जन्मभर. तोच पुन्हा आला तर त्याला पाय टेकायला जागा मिळत नाही. लस एवढंच करते, आजार न देता ओळख करून देते. गोवराच्या लशीत गोवराचाच जंतू असतो, दुबळा केलेला, पण जिवंत. जिवंत असायला हवा, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

धसईच्या बाजारात वांगी विकणारा एक बाबा होता. त्याच्या मुलीला त्रिगुणी लशीचे तीन डोस महिन्या-महिन्यानं द्यायचे होते. तो म्हणाला, "दोन दंडांना दोन देऊन टाका ना, पुढची खेप वाचंल." मी म्हटलं, "अरे, शरीराला शिकायला वेळ लागतो. एका दिवसात दोन इयत्ता होतात का कधी?" तो म्हणाला, "मास्तरनं मनावर घेतला तर व्हतात." अशा माणसांशी डोकं लावण्यात माझी निम्मी नोकरी गेली आणि खरं सांगायचं तर तीच मजेची होती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. धसईच्या पुढे बस जिथं संपायची तिथून दीड तास चालून गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकरवाडी होती. तीस-पस्तीस घरं. तिथं बुधीबाय नावाची म्हातारी होती. हाडं आणि कातडी, पण आवाज असा की पलीकडच्या शेतातले बैल थांबतील. वाडीत तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. गोवराला वाडीत "बाया आल्या" म्हणत. बाया आल्या की वाटेवर लिंबाचे डहाळे बांधायचे, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, आजाऱ्याला बाहेर न्यायचं नाही. आणि एक नेम फार कडक होता. आजाऱ्यापाशी बसायचं ते फक्त ज्याच्या अंगावर बाया येऊन गेल्या त्यानंच.

"का गं, बुधीबाय?" मी एकदा विचारलं.

"बाया एकदा ज्याच्या घरी जेवल्या, तिथं परत नाय येत. वळखतात त्या."

मी थक्क झाले. ओळखतं ते शरीर, बाया नव्हेत, एवढाच काय तो फरक. बाकी आम्हाला वर्गात फळ्यावर चित्रं काढून जे शिकवलं, ते ही म्हातारी एका वाक्यात सांगून मोकळी. त्या दिवसापासून मी वाडीवर पुस्तकातलं बोलणं सोडलं. तिचंच वाक्य घेऊन फिरायला लागले. म्हणायचे, "माझ्या बाटलीत दुबळ्या बाया आहेत. त्या थोडंसं जेवतात आणि जातात. मग थोरल्या आल्या तर त्यांना घर ओळखीचं लागतं."

तरी लसीकरणाला हो म्हणायला वाडीला तीन महिने लागले. तोवर मी दुसऱ्या गोष्टी शिकवत राहिले. बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक फेकू नका, आई आपली राखण त्यातून बाळाला देते. ताप आला तर पोराला गोधडीत कोंबू नका, कपाळावर गार पट्टी ठेवा. हे शेवटचं बुधीबायनं फार मनावर घेतलं. कुणालाही ताप आला की ती ओलं फडकं घेऊन हजर.

अखेर चैत्रात एक दिवस ठरला. दहा पोरं. मी सकाळी पोचले, सिरिंजा उकळल्या आणि पोरं येणारच आहेत म्हणून गोवराच्या दोन बाटल्या एकदम तयार केल्या. एका बाटलीत पाच पोरांची लस. ती कोरडी पूड असते, तिच्यात पाणी मिसळलं की मग तिचं आयुष्य काही तासांचं, तेही बर्फावर. दोन्ही एकदम तयार करणं हा पहिला गाढवपणा. कारण आली तीनच पोरं. बाकीच्यांच्या आया पोरांना पाठीशी बांधून मोहाची फुलं वेचायला वर गेल्या होत्या. मोह काय माझ्यासाठी थांबणार?

तिघांना टोचलं. डबा बुधीबायच्या ओटीवर ठेवला, "झाकण उघडू नको गं," एवढं सांगितलं आणि गेले डोंगरावर. बायांना शोधून, हातापाया पडून, त्यांच्या टोपल्यांना हात लावून खाली आणेपर्यंत दुपार झाली. ओटीवर बघते तर डबा उघडा. शेजारी गोधडीवर बुधीबायचा नातू तापानं फणफणलेला, आणि त्याच्या कपाळावर, काखेत, पोटावर माझे चारही आइसपॅक! म्हातारी मोठ्या कौतुकानं म्हणाली, "बग बाय, तू सांगितलंस तसाच केला. पट्टीपरीस ह्या बेस. पोरगा गार झाला."

पोराचा ताप उतरला होता, हे खरं. आइसपॅकचं पाणी झालं होतं आणि डब्यातल्या बाटल्या माझ्या हाताला कोमट लागल्या, हेही खरं.

मला माहीत होतं. हे मी कुठल्याही कोर्टात छातीठोकपणे सांगेन, मला माहीत होतं की ती लस आता फेकायची असते. पण समोर सात आया उभ्या, मोह सोडून आलेल्या. तीन महिने मी त्यांच्या मागे लागले होते. आज "परत या" म्हटलं तर त्या जन्मात येणार नाहीत. शिवाय रजिस्टरमध्ये दहा रकाने आखलेले. मी आइसपॅक पुसून डब्यात घातले, जणू त्यानं काही होणार होतं, आणि सातही पोरांना टोचलं. सातवी चिमी, बुधीबायचीच नात, दहा महिन्यांची. तिनं सुईकडे टक लावून बघितलं आणि रडलीच नाही. तसल्या कोमट बाटलीत जंतूही वाढतात; नशीब, पुढे कुणाच्या दंडात पू झाला नाही. मी कार्डं भरली आणि परतीच्या वाटेवर मनाला समजावत राहिले की थोडी तरी जिवंत असेल.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास वाटेवर डहाळे लागले.

मला धसईच्या बाजारात कळलं. डबा-कुकर खांद्यावर होतेच, तशीच निघाले. वाडीच्या तोंडाशी चिमीचा बाप आडवा उभा राहिला. "बाहेरच्यानं यायचा नाय." आतून बुधीबायचा आवाज आला, "तिला विचार, तिला येऊन गेल्या का?" मी ओरडून सांगितलं, "सहाव्या वर्षी! चुलत्याच्या घरी, मुरबाडला!" "मंग येऊ दे." वाडीच्या नेमानं मला वाट मिळाली, सरकारच्या बिल्ल्यानं नाही.

घराघरांत पोरं लालबुंद, डोळे चिकटलेले. मी कार्डं मागत फिरले. सकाळी टोचलेली तीन पोरं अंगणात खेळत होती. दुपारच्या सातांपैकी पाच अंथरुणावर. चिमी सगळ्यांत वाईट. तिच्या बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या, नाकपुड्या फुलत होत्या. गोवर स्वतः जातो, पण जाताना शरीराची राखण मोडून जातो. मग त्या मोडक्या कुंपणातून न्यूमोनिया शिरतो. तसाच तो शिरला होता.

"हिला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हटलं.

चिमीचा बाप खवळला. "बाया असताना पोर बाहेर नाय जायची. आन तुजा कशाला ऐकायचा? त्या तीन घरांना तू खरा औषध दिलास, आमाला पाणी टोचलास! आता दवाखाना तरी खरा कशावरून?" आजूबाजूचे पुरुष जमले. त्या तीन घरांतल्या बाया दाराआड गेल्या, जणू पोरं निरोगी राहिली हा त्यांचाच गुन्हा.

सोपं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पोरं अशक्त होती, एखाद्याला लस लागत नाही. तेही खोटं नसतं. चांगली लससुद्धा प्रत्येकाला लागतेच असं नाही. पण सातातल्या पाचांचं उत्तर ते नव्हतं. आणि मी खोटं बोलले असते तर त्या माणसानं मला ओळखलं असतं आणि चिमी घरातच गेली असती. मी ओटीवर चढून म्हटलं, "ऐका! त्या तिघांना दिलं तेच औषध तुम्हाला आणलं होतं. त्यातल्या दुबळ्या बाया जिवंत असाव्या लागतात. त्या गारव्यात जगतात, उन्हात मरतात. मी डोंगरावरून येईपर्यंत बर्फ वितळला आणि त्या मेल्या. मेलेल्या काय जेवणार आणि काय ओळख ठेवणार? मला ते कळलं होतं. तरी मी टोचलं. चूक माझी आहे. मला काय मारायचं ते मारा, पण ही पोरगी आधी दवाखान्यात जाऊ द्या."

मग चिमीच्या बापानं हळूच विचारलं, "बर्फ वितळला कसा? डबा तर बंद व्हता."

"वितळला. कसा ते विचारू नका," मी म्हटलं.

माझ्या मागे बुधीबाय बसली होती, चिमीचं डोकं मांडीवर घेऊन. ती उठली. म्हातारीचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. वर्षभर तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. आत्ता या क्षणी तिचं तिला कळलं होतं.

"बर्फ मी काडला," ती म्हणाली. "पोराच्या कपाळावर ठेवला. ही बाय मला झाकत्ये." मग ती चिमीकडे वळली. "माज्या हातानं बाया मेल्या. आता माज्याच हातानं ही पोर मी भायेर नेनार. कुणाचा कोप व्हायचा तो माज्यावर होऊ दे."

तिनं चिमीला लुगड्यात गुंडाळलं आणि डहाळ्यांखालून चालायला लागली. तिला कोण अडवणार? थोडं अंतर गेल्यावर चिमीच्या बापानं पोर तिच्या हातातून घेतली आणि धावायलाच लागला. मी डबा आणि कुकर तिथंच टाकून त्यांच्यामागे. बसच्या थांब्यावर एक भाताचा टेम्पो मिळाला.

चिमी वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. इंजेक्शनं, ऑक्सिजन, अ जीवनसत्त्वाचे डोस, सगळं झालं. पण डाव्या डोळ्याला उशीर झाला होता. बुबुळावर पांढरं फूल पडलं ते पडलंच. बाकीची चार बरी झाली. लोक मला म्हणतात, बाई, पाचही जगली ना, मग कशाला कुढता? मी कुढत नाही. पण तो डोळा माझ्या हिशेबात आहे आणि तो कुणी पुसायला जाऊ नये.

पुसायला आलेच. साहेबांनी, म्हणजे आमच्या वरच्या डॉक्टरांनी, मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. म्हणाले, "बाई, त्या सातांची नावं रजिस्टरातून काढा. लिहा की पालकांनी मुलं आणली नाहीत. तुमचंही निभेल, माझंही."

डोक्यात अशी तिडीक गेली! मोह सोडून खाली आलेल्या बाया, आणि लिहायचं की त्या आल्याच नाहीत? मी म्हटलं, "साहेब, त्या आल्या होत्या. आली नव्हती ती माझी अक्कल." आणि त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून, त्यांच्याच पेनानं, सातही नावांपुढे लिहिलं, 'शीतसाखळी तुटलेली (बर्फ वितळलेली) लस दिली. परिणाम झाला नाही. पुन्हा देणे आवश्यक.' खाली सही. बुधीबायचं नाव कुठंही लिहिलं नाही, कारण डबा माझ्या ताब्यात होता, तिच्या नव्हे. मेमो आला. चौकशी झाली. माझ्यापेक्षा धाकट्या पुढे गेल्या. गेल्या तर गेल्या.

बदली व्हायच्या आधी मला त्या वाडीत चार महिने मिळाले. आजारी न पडलेल्या सगळ्या पोरांना मी पुन्हा टोचलं, आणि मला वाटलं होतं तसं कुणी पळालं नाही. उलट गर्दी झाली. बुधीबाय डब्याशेजारी काठी घेऊन बसायची आणि कुणी नुसतं जवळून गेलं तरी खेकसायची, "सावली सोड!" एका बाटलीची पाच पोरं समोर बसल्याशिवाय ती मला बाटली उघडू देत नसे. आमच्या प्रशिक्षणात इतकी कडक बाई मी पाहिली नाही. खरं सांगू? जिला एकदा अद्दल घडली ती विसरत नाही, शरीर असो की म्हातारी असो की नर्स.

मग खर्डी. स्टेशनपासून आत जंगलातल्या वाड्या, पुन्हा तोच डबा, पुन्हा पहिल्यापासून ओळख. वर्षं गेली. काचेच्या सिरिंजा जाऊन एकदाच वापरायच्या आल्या, कुकर घरी वरणभाताला लागला. मी मात्र प्रत्येक वाडीत टोचण्याआधी आइसपॅक हातात धरून बघायचे. सोबतच्या पोरी हसायच्या. हसू दे.

निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना आटगावच्या बाजूच्या एका वाडीत लसीकरणाचं जादा सत्र लागलं. आया रांगेत बसल्या होत्या. एक कोवळी पोरगी, कडेवर नऊ-दहा महिन्यांचा मुलगा, रांग सोडून सरळ माझ्या टेबलाशी आली. मी कार्ड मागितलं. तिनं कार्ड दिलं नाही.

"आदी डबा उगडा," ती म्हणाली.

आमची नवी मुलगी चिडली. "अगं ए, लाइनीत बस. सिस्टरना शिकवतेस का?"

"आजीनं सांगून ठेवलाय. सुई नको बगू, बर्फ बग."

मी मान वर केली. डाव्या डोळ्यात पांढरं फूल. तिनं मला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कशी, तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे अजून ठरलेलं नाही. मी फक्त डब्याचं झाकण काढलं आणि डबा तिच्याकडे सरकवला.

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. चारही आइसपॅकवर एकेक करून तळहात ठेवला. शेवटच्यावर बराच वेळ, बोटं बधिर होईपर्यंत. रांगेतल्या बाया माना उंचावून बघत होत्या. मग तिनं हात पदराला पुसला आणि पोराचा उजवा दंड माझ्यापुढे धरला.

"गार हाय," ती म्हणाली. "टोचा."